बारावी ओळ

आत्याच्या घरात देवाच्या फळीखाली एक पातळ पुस्तक असायचं. मुखपृष्ठावर कारली, गाजरं आणि एक हसरं जोडपं. तिला साखर निघाली त्या वर्षी थोरल्याने ते एस.टी. स्टँडवरच्या गाड्यावरून आणलं होतं. आत एका पानावर पेन्सिलीची जाड रेघ : सकाळी अनशापोटी दुधी भोपळ्याचा रस, एक पेला. आत्याने तो दीड-दोन महिने चुकवला नाही. माळकरी बाई, नेम धरला की धरला. एके सकाळी दुधी कडू निघाला. "औषध कडूच असतंय," म्हणून तिने डोळे मिटले आणि पेला रिकामा केला. तासाभरात उलट्या सुरू झाल्या, त्या थांबेनात. दोन रात्री दवाखान्यात सलाईनवर गेल्या.

कडू दुधीत कुकुर्बिटॅसिन नावाची विषारी द्रव्यं असतात. अशा रसाने माणसं दगावल्यावर आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, तज्ज्ञांची समिती बसवली होती. तिचं सांगणं सरळ होतं : रस कडू लागला तर पिऊ नका, टाकून द्या. प्यायल्यावर अस्वस्थ वाटलं तर लगेच दवाखाना गाठा.

नंतर मी ते पुस्तक उघडून पाहिलं. दुधीचे गुण अकरा ओळींत सांगितले होते. कडू निघाला तर टाकून द्या, ही बारावी ओळ नव्हती.

गावच्या वाचनालयाच्या कमिटीवर मी काही वर्षं काढली. आरोग्याची पुस्तकं विकत घेताना, देणगीत आलेली चाळताना आणि लोकांच्या हातात देताना मी तेव्हापासून एवढंच शोधतो, बारावी ओळ कुठे आहे. या पुस्तकात 'हे तुम्ही खाऊ नका', 'इथे थांबा', 'आता डॉक्टरांकडे जा' असं कुठे लिहिलंय का? पुस्तक कसं निवडावं याचं माझं सगळं शहाणपण एवढंच आहे. बाकीचा तपशील आहे, पण तो महत्त्वाचा आहे.

जुन्नर आणि आंबेगाव या आपल्या दोन तालुक्यांत शाकाहार ही काही नवी टूम नाही. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी ओतूरला मानतात. ज्ञानोबांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले त्या रेड्याची समाधी आळ्याला आहे. वाडीवाडीत सप्ताह होतात, आणि गळ्यात माळ आली की घरातलं अर्धं स्वयंपाकघर आपोआप बदलतं. त्यामुळे 'शाकाहार का करावा' हे पटवणारं पुस्तक आपल्याला नकोय, ते आपल्या आजोबांनीच पटवलंय. आपल्याला हवंय ते शाकाहारात राहून साखर, बीपी, मूत्रपिंड, अशक्तपणा कसा सांभाळायचा हे सांगणारं. दुकानात या दोन प्रकारांची पुस्तकं एकाच कप्प्यात ठेवलेली असतात. पहिल्या प्रकारची बहुतेक मुखपृष्ठाने ओळखू येतात.

शिवाय आपलं ताटही एक नाही. नारायणगाव, मंचर, आळेफाट्याकडे कालव्याचं पाणी, टोमॅटो, कांदा, द्राक्षं, ऊस, आणि त्यामागून आलेली गव्हाची पोळी, बेकरीची खारी. घाटाच्या अंगाला, आहुपे, घाटघर, डिंभ्याच्या वर, भात, नाचणी, वरई, पावसाळ्यात भारंगी, कुरडू, टाकळा, चाई. पुण्या-मुंबईत छापलेलं पुस्तक यातल्या कुठल्या ताटाकडे बघून लिहिलंय? ब्रोकोली, ओट्स, किनोआ यांच्याच पाककृती असतील तर ते घाटघरच्या बाईच्या काय कामाचं? ती बिचारी ओट्स आणायला जुन्नरला उतरेल आणि घरात कणगीभर नाचणी तशीच राहील. आयसीएमआरच्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली ५२८ भारतीय खाद्यपदार्थांचे पोषणतक्ते छापले. त्यांत १०० ग्रॅम नाचणीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम दिलंय, ज्वारी-बाजरीत जेमतेम २७-२८. गाईच्या दुधातही नाचणीएवढं नसतं. हाडं ठिसूळ झालेल्या शाकाहारी म्हातारीला हा आकडा कळायला हवा, आणि त्याच्या शेजारीच हेही की नाचणीची पातळ आंबील साखरवाल्याच्या रक्तात भाकरीपेक्षा लवकर उतरते.

दुकानात जाण्याआधी

पुस्तक शोधायला निघताना तीन कागद पिशवीत टाका. पहिला, रक्त-लघवीचे ताजे रिपोर्ट. दुसरा, चालू गोळ्यांची नावं, चिठ्ठी सापडत नसेल तर गोळ्यांची पाकिटंच. तिसरा कागद घरी तयार करायचा. सलग सात दिवस जे खाल्लं ते लिहायचं, चहासकट. लाजायचं नाही, ही वही कुणी तपासणार नाही. आमच्या एका शेजाऱ्याच्या वहीतला मंगळवार असा होता : पहाटे चहा, साखर दोन चमचे, खारी तीन. नऊला पोहे आणि चहा. दुपारी बाजरीच्या दोन भाकरी, मेथी, ठेचा, कांदा. चारला चहा, बिस्किटं. सातला एकाच्या वास्तुशांतीला गुलाबजाम दोन, वरण-भात, भजी. रात्री घरी आल्यावर पुन्हा दूध-भाकरी, 'बाहेरचं जेवण जेवण वाटत नाही म्हणून'.

या गृहस्थाला 'मधुमेहासाठी १०१ पाककृती' हे पुस्तक काय करणार? त्याचं दुखणं पाककृतींच्या आसपासही नाही. त्याला चहा आणि बाहेरचं आमंत्रण सांभाळायला शिकवणारं पुस्तक हवं. वही लिहिल्यावरच हे कळतं. काहींच्या वहीत उलट दिसतं, डाळ कुठेच नाही, नुसती भाकरी आणि कोरड्यास. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या दिवसभराच्या ताटात एका माणसाला कच्ची डाळ-कडधान्यं ८५ ग्रॅम धरली आहेत. म्हणजे चौघांच्या घराला रोज ३४० ग्रॅम. एकदा तुमच्या आमटीची डाळ किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून बघा. बहुतेक घरांत ती निम्मीही भरत नाही, आणि तरी आपण म्हणतो, आम्ही डाळ-भातावर वाढलो. (ज्यांचं मूत्रपिंड कमजोर आहे त्यांनी हा आकडा स्वतःला लावू नये. त्यांची प्रथिनं डॉक्टर ठरवतात. ही झाली माझ्या लेखातली बारावी ओळ.)

उभ्या उभ्या दहा मिनिटं

पुस्तक हातात आलं की आधी मागून उघडा. शेवटी विषयसूची असेल तर लेखकाने थोडे कष्ट घेतलेत असं समजा. नसेल तर अनुक्रमणिका बघा. शाकाहारी माणसासाठी लिहिलेल्या पुस्तकात 'बी-१२' हा शब्द सापडलाच पाहिजे. हे जीवनसत्त्व धान्यात, भाजीत, डाळीत नसतं. शाकाहाऱ्याला ते मुख्यतः दूध-दही-ताकातून मिळतं. त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षं घेतली तर ते आणखी घटू शकतं. मग पायाला मुंग्या येतात, चालताना तोल जातो, आणि घरचे म्हणतात, साखरेमुळे होतंय, वयामुळे होतंय. साधी रक्ततपासणी आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध, एवढ्यावर बऱ्याच जणांचं भागतं. 'शाकाहारात सर्व काही मिळते' एवढंच लिहून बी-१२चं नावही न घेणारं पुस्तक जागच्या जागी परत ठेवा. विषय शाकाहाराचा आणि त्यातला सगळ्यात मोठा खड्डाच नकाशावर नाही, हे चालणार नाही.

दुसरा शब्द 'लोह'. पालकात लोह असतं हे सगळेच सांगतात. जेवणाबरोबर चहा घेतला तर ते कमी अंगी लागतं, आणि लिंबू-आवळा सोबत असला तर जास्त लागतं, हे सांगणारं पुस्तक उजवं.

तिसरी गोष्ट, 'मुळापासून', 'हमखास', 'कायमचा', 'गोळ्या बंद' हे शब्द मोजा. मधुमेह, रक्तदाब, कॅन्सर असे अनेक आजार औषधाने बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने बंदी आहे. तो कायदा जाहिरातींसाठी आहे, म्हणून तर जाहिरातीत जे छापता येत नाही ते पुस्तकात सुखाने छापलं जातं. एका यात्रेत, पुस्तकांच्या गाड्यावर, धोतर-टोपीतले एक बाबा असंच पुस्तक चाळत होते. मी म्हटलं, "माऊली, कुणासाठी?" "मालकिणीला. इन्शुलिन चालूय. यात लिवलंय, तीन महिन्यांत बंद होतं." मी त्यांना शेवटचं पान दाखवलं, तिथे लेखकाच्याच चूर्णाची किंमत आणि मागवायचा नंबर होता. बाबा हसले, पुस्तक ठेवलं आणि शेजारचा हरिपाठ घेतला. जो माणूस पुस्तकात आजार सांगतो आणि मागच्या पानावर औषध विकतो, त्याचं पुस्तक हे त्याचं दुकानच असतं.

मग आवृत्तीचं साल. पाककृतीचं पुस्तक जुनं असलं तरी बिघडत नाही. आजाराचं पुस्तक वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं असेल तर त्यातली औषधं आणि आकडे बदललेले असू शकतात. लेखक कोण, शिक्षण काय, कुठे काम केलं, हे पहिल्या दोन पानांत नसेल तर का नाही असा प्रश्न स्वतःला विचारा. आणि शेवटी टाईप. मधुमेहाने ज्यांची नजर अधू झालीय त्यांच्यासाठी बारीक टाईपचं पुस्तक म्हणजे नुसता कागद. आणणारा मुलगा तरणा असतो, त्याला हे लक्षातच येत नाही.

माझ्या कपाटातली काही

कमला सोहोनी हे नाव नव्या वाचकांना माहीत नसतं. दुर्गाबाई भागवतांच्या या भगिनी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून आधी प्रवेश नाकारला होता. त्या हटल्या नाहीत, शिकल्या, आणि १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन आल्या. पुढे मुंबईत त्यांनी नीरा, कडधान्यं, म्हणजे गरिबाच्या ताटातल्या वस्तूंवर प्रयोगशाळेत काम केलं. त्यांचं 'आहारगाथा' हे पुस्तक जुन्या वाचनालयात मिळालं तर सोडू नका. ते आजाराचं पुस्तक नव्हे. पण अन्नाकडे प्रयोगशाळेतून आणि स्वयंपाकघरातून एकाच वेळी बघणारी माणसं आपल्याकडे कमी झाली, त्यांतल्या या एक.

कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' (१९७०) आरोग्याचं पुस्तक नाही, तरी मी ते आजारी माणसाच्या घरात असावं म्हणतो. त्यात प्रमाणं वाटी-चमच्यात आहेत. पथ्याच्या बहुतेक पुस्तकांत '४० ग्रॅम', '१५ मिलिलिटर' असं असतं आणि सुनेच्या हातात असतं फक्त वाटी आणि पळी. 'रुचिरा' समोर ठेवून तुम्ही तेलाचं प्रमाण स्वतः निम्मं करू शकता, कारण मूळ किती ते तिथे चमच्यात लिहिलंय. मोजल्याशिवाय कमी करता येत नाही.

हृदयरोगावर मराठीत डॉ. अभय बंग यांच्या 'माझा साक्षात्कारी हृदयरोग'इतकं वाचलं गेलेलं पुस्तक क्वचितच असेल. १९९५ साली त्यांना स्वतःला झटका आला, तिथून ते सुरू होतं. डॉक्टर रोगी झाला की कसा घाबरतो, आहार, व्यायाम, ध्यान यांची घडी कशी बसवतो, हे त्यात आहे. त्यामागे अमेरिकेतल्या डॉ. डीन ऑर्निश यांचं काम आहे. १९९०मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या प्रयोगात जवळजवळ पूर्ण शाकाहारी, अत्यंत कमी तेल-तुपाचा आहार होता. लोक एवढंच लक्षात ठेवतात. त्या प्रयोगात व्यायाम, धूम्रपान बंद, मनाचा ताण उतरवणं आणि रोग्यांनी एकत्र बसून बोलणंही होतं, आणि रुग्ण पन्नासहून कमी होते. नुसतं तेल सोडलं आणि तंबाखूची पुडी खिशात ठेवली तर ते ऑर्निश नव्हे.

डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दोन वेळा जेवायचं आणि ऋजुता दिवेकरांचं थोड्या थोड्या वेळाने घरचं, जवळचं खायचं, यावरून मध्यंतरी महाराष्ट्रात घरोघरी वाद झाले. लग्नाच्या पंगतीत दोन पक्ष पडलेले मी पाहिलेत. माझं मत विचाराल तर दोघांपैकी कुणाचंही पुस्तक वाचा, पण इन्शुलिन किंवा साखर खाली ओढणाऱ्या गोळ्या चालू असताना जेवणाच्या वेळा पुस्तकावरून बदलू नका. दीक्षितांच्या पद्धतीतही आधी तपासण्या करा असं सांगितलंय. ते पान लोक उलटतात, आणि जेवण पंचावन्न मिनिटांत संपवायचं तेवढं लक्षात ठेवतात.

गांधीजींची आरोग्यावरची छोटी पुस्तिका त्यांनी १९४२ साली पुण्यातच, आगाखान पॅलेसच्या कैदेत लिहिली. शाकाहाराशी त्यांचं नातं पुस्तकानेच पक्कं झालं होतं. लंडनमध्ये विद्यार्थी असताना एका शाकाहारी खानावळीच्या दारात हेन्री सॉल्ट यांचं पुस्तक विकायला ठेवलेलं दिसलं, ते त्यांनी एक शिलिंग देऊन घेतलं. पण मला त्यांच्यातलं आवडतं ते दुसरं. दूध सोडायचं व्रत त्यांनी घेतलं होतं, मोठ्या आजारपणानंतर शेळीचं दूध घ्यावं लागलं, आणि हा पराभव त्यांनी लपवला नाही, छापला. बारावी ओळ स्वतःविरुद्ध लिहायला धाडस लागतं. त्यांच्या पाण्या-मातीच्या उपचारांवर मात्र आज विसंबून राहू नका.

आणि फुकट मिळणारं सगळ्यात भरवशाचं पुस्तक म्हणजे राष्ट्रीय पोषण संस्थेची भारतीयांसाठीची आहार-मार्गदर्शक तत्त्वं, २०२४ची नवी आवृत्ती. इंग्रजीत आहे, संस्थेच्या संकेतस्थळावरून उतरवता येतं. घरात कॉलेजात शिकणारं कुणी असेल तर त्याच्याकडून ताटाचं चित्र आणि मिठा-तेलाची पानं तेवढी समजून घ्या. दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, त्यात लोणचं, पापड, ठेचा, शेवही आले. आपल्याकडे ठेचाच अर्धा चमचा खाऊन टाकतो. मराठीतून वाचायचं असेल तर डॉ. शाम अष्टेकरांचं 'भारतवैद्यक' बघा, खेड्यातल्या आरोग्य कार्यकर्त्यांसाठी लिहिलेलं. कुठल्या लक्षणाला घरी थांबायचं आणि कुठल्या लक्षणाला गाडी काढायची, हे ते साध्या भाषेत सांगतं.

पुस्तक बरोबर, माणूस वेगळा

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट लागतात तेव्हा आपल्याकडे टोमॅटो प्रत्येक भाजीत पडतो. पुस्तकं म्हणतात, टोमॅटो हृदयाला चांगला. खरंय. पण मूत्रपिंड निकामी होत चाललेल्या माणसाच्या रक्तात पोटॅशियम साचत असेल तर तोच टोमॅटो, तोच बटाटा, तेच शहाळं त्याच्या हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. बीपीसाठी विकलं जाणारं 'लो सोडियम' मीठही अशा माणसाला धोक्याचं, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. सैंधव घेतलं तर सुटका होते असंही नाही, बीपीच्या दृष्टीने तेही मीठच. म्हणून मूत्रपिंडाच्या रोग्याने सर्वसाधारण 'आरोग्यदायी शाकाहार' वाचूच नये. त्याच्यासाठी वेगळं पुस्तक हवं, आणि ते नसेल तर आहारतज्ज्ञाने हाताने लिहिलेला कागद कुठल्याही पुस्तकाहून भला.

चालू गोळ्यांचंही तसंच. थायरॉईडची गोळी सकाळी रिकाम्या पोटी घ्यायची आणि पुढे किमान अर्धा तास चहा-दूध नाही, कॅल्शियमची गोळी तर त्यानंतर चार तासांनी. रक्त पातळ ठेवणारी वॉरफॅरिन चालू असेल तर पालेभाजी सोडायची नाही, पण आज नाही आणि उद्या जुडीभर असंही करायचं नाही, रोज साधारण सारखी. कारण पालेभाजीतलं के जीवनसत्त्व त्या गोळीच्या उलट काम करतं. कुठलंही पुस्तक घ्या, त्यात तुमच्या गोळीचं नाव शोधा.

एकादशी. आपल्या भागासाठी लिहिलेल्या पुस्तकात उपवासावर प्रकरण नसेल तर ते अपुरंच. साबुदाणा आणि बटाटा साखर वर नेतात, आणि निरंकार उपवास, वरून इन्शुलिन किंवा काही ठरावीक गोळ्या, हे साखर इतकी खाली आणतं की माणूस घामाघूम होऊन पडतो. वारीच्या वाटेवर हे घडतं. उपवास सोडलास तरी पांडुरंगाला चालेल, असं मी आत्याला म्हटलं तेव्हा ती रागावली. मग तिच्या फडावरच्या महाराजांनीच सांगितलं, औषध चुकवून उपवास नको, तेव्हा कुठे ऐकलं. भगर घेणार असाल तर सुटी, उघड्या पोत्यातली, जुनी घेऊ नका. दळून ठेवलेलं पीठ तर नकोच.

क्षयरोगाची मात्र उलटी गंमत आहे. त्याची पथ्यं सांगणारी जुनी पुस्तकं 'हे खाऊ नका'ने भरलेली, आणि रोग्याला हवं असतं ते भरपेट खाणं. झारखंडात झालेल्या आणि २०२३ साली छापून आलेल्या अभ्यासात रोग्याच्या घरच्यांना तांदूळ, डाळ असा साधा शिधा दिला, त्याने त्या घरांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण बरंच घटलं, आणि शिधा शाकाहारीच होता. आता निक्षय पोषण योजनेत रोग्याच्या खात्यावर महिन्याला १,००० रुपये जमा होतात. पुस्तक विकत घेण्याआधी तेवढं आशाताईंना विचारा.

पदार्थाचंही तसंच, तो कसा आणि किती खाल्ला यावर सगळं असतं. आपली मासवडी घ्या. नावात मास, आकार माशासारखा, आत मासा औषधालाही नाही. बेसनाचं घट्ट पिठलं ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर तीळ, सुकं खोबरं, लसूण, कांदा, कोथिंबीर पसरून वळकटी करायची आणि सुरीने वड्या पाडायच्या. डाळ, तीळ, पोटभरीचं, शाकाहाऱ्याला उत्तम. घात करतो तो वर तवंग आलेला रस्सा आणि त्यात कुस्करलेल्या तीन भाकऱ्या. चार वड्या, अर्धी वाटी रस्सा, एक भाकरी आणि वाडगाभर कोशिंबीर, असा हिशेब सांगणारं पुस्तक मला अजून मिळालेलं नाही. मिळेपर्यंत तो हिशेब मीच वहीत लिहून ठेवलाय.

कुठे शोधायचं

पुण्याला काही ना काही कामाने जाणं होतंच. अप्पा बळवंत चौकात तासभर काढा, पण शाळा उघडायच्या दिवसांत नको, पाय ठेवायला जागा नसते. बुकगंगासारख्या दुकानांतून घरपोच मागवता येतं, तिथे पुस्तकाची काही पानं आधी वाचायलाही मिळतात. विषयसूची बघायची ती तिथेच बघून घ्या. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर फुकट आहे. आहार, मधुमेह अशा विषयांवरच्या नोंदी शोधा. जुन्या नोंदींत औषधं जुनी असतील, शरीर तेच आहे. मुंबईत डॉ. अनिरुद्ध मालपाणींनी रोग्यांनी येऊन आपल्या आजाराची पुस्तकं वाचावीत म्हणून खास ग्रंथालय काढलं होतं. तसं आपल्या दोन तालुक्यांत एखाद्या वाचनालयातलं एक कपाट जरी झालं तरी पुष्कळ.

मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा घोडेगाव, जुन्नरच्या ग्रामीण रुग्णालयात जाल तेव्हा निवडलेलं पुस्तक बरोबर न्या आणि डॉक्टरांसमोर ठेवा. 'मी हे वाचून करू का?' एवढंच विचारा. गर्दीत त्यांना दोनच मिनिटं असतात, म्हणून ज्या पानावर शंका आहे तिथे आधीच चिठ्ठी घाला. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी-साखर सरकारी उपकेंद्रात फुकट तपासतात, ते केलेलं नसेल तर पुस्तकाआधी ते.

वाचता न येणाऱ्यांसाठी नातवंडं आहेत. रात्री जेवणानंतर एक पान, मोठ्याने. आत्याला तिची नात वाचून दाखवते आणि मध्येच थांबून विचारते, "आजी, तू आज हे खाल्लंस का?" त्या पोरीपुढे खोटं बोलता येत नाही. दुधीचं जुनं पुस्तक आत्याने टाकलं नाही. पुस्तक टाकायचं नसतं म्हणते. मी त्या पानावर, पेन्सिलीच्या रेघेशेजारी, शाईने लिहून दिलंय : शेंड्याची चकती आधी चाखावी, कडू लागली तर अख्खा दुधी टाकावा.

राहता राहिलं गावचं वाचनालय. १९६७च्या ग्रंथालय कायद्याने मान्यता मिळालेल्या वाचनालयाला सरकारी अनुदान असतं आणि दरवर्षी त्यातून नवी पुस्तकं घ्यावीच लागतात. काय घ्यायचं हे बहुतेक ठिकाणी विक्रेत्याच्या यादीवर टिकमार्क करून ठरतं, कारण वाचक काही मागतच नाहीत. ग्रंथपालाकडे मागणीची वही असते, क्वचितच कुणी उघडलेली. ती मागा. पुस्तकाचं नाव, लेखक, आवृत्तीचं साल लिहा, खाली 'मोठा टाईप हवा' असं लिहा, आणि आपल्यासारखीच साखर-बीपी असलेल्या आणखी चार-पाच जणांच्या सह्या घ्या. एकट्याची मागणी वहीत राहते, पाच सह्या असल्या की ती कमिटीच्या बैठकीत वाचावी लागते. वाचनालय दुपारी बहुतेक बंद असतं, सकाळी किंवा दिवेलागणीला जा.